सातमाळा डोंगरातील लेणी व दऱ्या : संशोधनाचा इतिहास

सातमाळा डोंगरातील लेणी व दऱ्या, संशोधनाचा इतिहास : तापी नदीच्या खोऱ्याची दक्षिण सीमा ठरविणाऱ्या सातमाळा–अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर उतारावर अनेक अरुंद व खोल दऱ्या असून त्यांच्या कड्यांत इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून पुढे लेणी खोदली गेली. अजिंठा, पितळखोरे, घटोत्कच व पाटणे ही त्यांतील प्रमुख स्थळे होत. त्यांपैकी पाटणे हे जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यात आहे. इतर तीन स्थळे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्यात मोडतात. तथापि अजिंठ्याचा वाघोरा ओढा वाघूर नदीतून तापीस मिळतो आणि पितळखोऱ्याची दरी पाटण्याच्या बाजूस, म्हणजे गिरणेच्या खोऱ्याकडे उतरते. त्यामुळे भूगोल, जुने दळणवळण व संशोधनाचा इतिहास या तिन्ही दृष्टींनी ही लेणी खानदेशाशी निगडित आहेत. एकोणिसाव्या शतकात ती प्रकाशात कशी आली, त्यांच्या अभ्यासाची परंपरा कशी घडली आणि या प्रक्रियेत काय मिळाले व काय गमावले, याचा आढावा या नोंदीत घेतला आहे.

भूरचना व लेण्यांचे स्थान : हा प्रदेश दख्खनच्या ट्रॅप खडकाचा आहे. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून हे डोंगर बनले. घट्ट बेसाल्ट व सच्छिद्र, मऊ थर आलटून पालटून येत असल्याने पावसाळी ओढ्यांनी मऊ थर लवकर झिजविले, कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहिले आणि दऱ्यांच्या मुखाशी धबधबे निर्माण झाले. अजिंठ्यास वाघोरा सात टप्प्यांनी खाली कोसळून नालाकृती वळण घेतो. त्या वळणावरील सु. ७६ मी. उंचीच्या कड्यात सु. ५५० मी. लांबीपर्यंत लेण्यांची ओळ पसरली आहे.

या गुहा निसर्गनिर्मित नव्हेत, ही बाब संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. उष्ण कटिबंधातील बेटांवर, उदा., बोर्निओतील नियाह व मुलू येथे, चुनखडक पाण्यात विरघळून मैलोगणती लांबीच्या गुहा तयार झाल्या आहेत. तेथील शोधकास दोर व दिवे घेऊन भूगर्भातील काळोखात शिरावे लागते. बेसाल्ट पाण्यात तसा विरघळत नाही. म्हणून खानदेशच्या बाजूस ‘गुहा शोधणे’ याचा अर्थ दरीचा माग काढणे, ओढ्याच्या पात्रातून वर चढणे आणि झाडोऱ्याआड दडलेल्या कमानी ओळखणे असा होतो. लेणी खोदणाऱ्यांनीही दरीचाच आधार घेतला होता. एकांत, बारमाही अथवा दीर्घकाळ टिकणारे पाणी, सलग खडक आणि व्यापारी मार्गाचे सान्निध्य या चारही गोष्टी घाटाच्या तोंडाशी असलेल्या दरीत एकत्र सापडत. अजिंठ्याच्या बहुतेक लेण्यांना ओढ्यापर्यंत उतरणारे स्वतंत्र जिने होते. सर्व लेण्यांना जोडणारी आजची पायवाट अर्वाचीन आहे.

प्राचीन उल्लेख : सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू ह्यूएनत्संग याने महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील डोंगरात, खोल दरीत वसलेल्या एका संघारामाचे वर्णन केले आहे. हा संघाराम आचार नावाच्या अर्हताने बांधविला, तसेच त्याच्या द्वारापाशी दगडी हत्ती आहेत, असे तो सांगतो. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात स्थविर अचल याचा निर्देश असून १६ व्या लेण्याच्या प्रवेशमार्गावर हत्तींची शिल्पे आहेत. त्यामुळे हे वर्णन अजिंठ्याचेच असावे, असे अभ्यासक मानतात. पितळखोऱ्याचा संबंध टॉलेमीच्या भूगोलातील ‘पेट्रिगल’ या स्थळाशी व महामायूरी या बौद्ध ग्रंथातील ‘पीतंगल्य’ या नावाशी जोडला जातो.

बौद्ध संघ येथून गेल्यावर लेणी ओस पडली, परंतु ती स्थानिकांना अज्ञात झाली असे म्हणता येत नाही. काही लेण्यांतील धुराची काजळी तेथे पुढील काळातही चुली पेटत असल्याचे दर्शविते. पाटण्याजवळील लेण्यांना ‘नागार्जुनाची कोठडी’, ‘सीतेची न्हाणी’ व ‘शृंगार चावडी’ अशी नावे आहेत. कोठडी, न्हाणी, चावडी ही घरातील व गावातील नित्य परिचयाची स्थाने होत. ज्या वास्तूला लोक अशी नावे देतात, ती त्यांच्या येण्याजाण्यातील असते. म्हणून एकोणिसाव्या शतकात जो ‘शोध’ लागला, तो मुख्यतः लेखी नोंदीच्या जगाला लागलेला शोध होय. गुराखी, भिल्ल व दरीकाठचे गावकरी यांच्याकडे असलेले वाटांचे ज्ञान त्यापूर्वीचे आहे. त्यांची नावे मात्र कागदावर आली नाहीत.

पहिल्या नोंदी (१८१९–४३) : १८१८ मध्ये पेशवाईचा शेवट होऊन खानदेश ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याची तेथे राजकीय अधिकारी म्हणून नेमणूक झाली. डोंगराळ भागांत भिल्लांचे उठाव चालू होते आणि सातमाळ्याच्या घाटवाटांवर सैन्याच्या तुकड्यांची ये-जा असे. अशा काळात, २८ एप्रिल १८१९ रोजी, मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याच्या दरीत आला. समोरच्या कड्यावरून त्यास दहाव्या लेण्याची कमान दिसली, असे सांगतात. लेण्यात शिरून त्याने एका स्तंभावरील चित्रावर आपले नाव व तारीख कोरली. त्या वेळी लेण्यात सु. दीड मीटर उंचीपर्यंत दगडमाती साचलेली होती. ती पुढे काढण्यात आल्यामुळे हे नाव आज सामान्य माणसाच्या दृष्टीच्या बरेच वर दिसते. अजिंठ्याच्या आधुनिक इतिहासातील पहिली लिखित नोंद ही अशा रीतीने त्याच्या चित्रांना झालेली पहिली ज्ञात आधुनिक इजाही ठरते.

त्यानंतर विल्यम अर्स्किन याने मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात या लेण्यांचा उल्लेख केला. १८२४ मध्ये जेम्स अलेक्झांडर याने लेण्यांना भेट दिली आणि आपला वृत्तांत लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे पाठविला. त्या काळी दरीतील प्रवास वाघांमुळे व अशांततेमुळे धोक्याचा समजला जाई. १८२५ मध्ये जेम्स उट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. चाळीसगाव व कन्नड यांमधील घाटास मिळालेले ‘औट्रम घाट’ हे नाव त्याचेच स्मारक आहे. दऱ्यांमधील वाटा सरकारी अधिकाऱ्यांना खुल्या होण्याची प्रक्रिया व लेण्यांच्या नोंदी वाढण्याची प्रक्रिया या दोन्ही समांतर चालल्या.

१८२८ मध्ये राल्फ व ग्रेस्ली यांनी अजिंठ्याची पाहणी केली. त्याच सुमारास डॉ. जेम्स बर्ड हाही तेथे होता. त्याने सतराव्या लेण्यातील भवचक्राच्या चित्रातील काही आकृती भिंतीवरून सोलून काढल्या. हे रंगलेपन माती, भुसा व चुन्याच्या पातळ थरांवर केलेले असल्याने भिंतीपासून सुटताच त्याचा चुरा होतो. संग्रहासाठी नमुना मिळवावा ही त्या काळची सर्वमान्य अभ्यासपद्धती होती. परंतु अजिंठ्याच्या चित्रांना ती लागू करता येत नाही, हे ज्ञान चित्रांची किंमत मोजून झाले.

या नोंदींना शास्त्रीय स्वरूप दिले ते जेम्स फर्ग्युसन याने. त्याने १८३९ मध्ये अजिंठा पाहिले आणि १८४३ मध्ये भारतातील शैलमंदिरांवरील निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे वाचला. वेगवेगळ्या लेण्यांची रचना परस्परांशी ताडून त्यांचा कालक्रम ठरविण्याचा हा पहिला व्यापक प्रयत्न होय. लेण्यांचे रक्षण व चित्रांच्या प्रतिकृती यांसाठी सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना केलेल्या विनंतीमागेही त्याचीच प्रेरणा होती.

प्रतिकृतींचा कालखंड : १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील कॅप्टन रॉबर्ट गिल याची अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. तो अजिंठा गावी राहिला आणि दीर्घकाळ दरीत जाऊन त्याने तैलरंगांत मोठ्या आकाराच्या प्रतिकृती तयार केल्या. पुढे त्याने लेण्यांची छायाचित्रेही घेतली. त्याच्या प्रतिकृती लंडनजवळील सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. गिलची कबर भुसावळ येथे आहे.

हे काम १८७२ मध्ये पुन्हा हाती घेण्यात आले. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी १८८५ पर्यंत हिवाळ्याच्या मोसमात दरीत काम करीत. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक होत. या प्रतिकृती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे पाठविल्या गेल्या आणि १८८५ मधील आगीत त्यांपैकी अनेक नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरा प्रयत्न लेडी हेरिंगहॅम यांनी १९०९–११ या काळात केला. त्यात नंदलाल बोस, असित कुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व वेंकटप्पा हे चित्रकार, तसेच हैदराबादहून सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन सहभागी होते. भारतीय चित्रकलेच्या नवजागरणात या अनुभवाचा वाटा मोठा आहे. मूळ चित्र दरीतून हलविता येत नाही व प्रतिकृतीही सुरक्षित राहीलच असे नाही, हा या दोन आगींचा धडा होता. त्यामुळे पुढील काळात भर मूळ चित्रांच्या जागेवरील संरक्षणाकडे वळला.

शिलालेखांचे वाचन व भारतीय संशोधक : १८४८ मध्ये रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत लेण्यांविषयी आयोग स्थापन झाला आणि ठिकठिकाणच्या लेण्यांची माहिती एकत्र करण्यास आरंभ झाला. पितळखोऱ्याची नोंद याच काळातील आहे. घटोत्कच लेणे कॅप्टन रोझ याने निदर्शनास आणले व ब्रॅडली याने त्याचे वर्णन केले. मात्र ही लेणी कोणी व केव्हा खोदविली हे शिलालेखांच्या वाचनावाचून कळणे शक्य नव्हते. हे काम मुख्यतः भारतीय पंडितांनी केले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याच्या लेखांचे वाचन केले. पाटणे येथील देवीच्या मंदिरातील शिलालेखाचा शोधही त्यांचाच असून तो त्यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. १२०७ च्या या लेखात गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची, तसेच निकुंभ वंशातील राजांनी त्यास दान दिल्याची माहिती आहे. लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत असल्याने भाषेच्या इतिहासातही त्यास स्थान आहे. पितळखोऱ्याच्या दरीच्या पायथ्याशी हजार वर्षांहून अधिक काळानंतरही विद्येचे केंद्र होते, हे त्यावरून सिद्ध झाले.

भगवानलाल इंद्रजी यांनी जेम्स बर्जेस यांच्यासमवेत पश्चिम भारतातील लेण्यांचे शिलालेख १८८१ मध्ये प्रसिद्ध केले. पितळखोऱ्याच्या लेखांत प्रतिष्ठान (पैठण) येथील गंधिक कुळातील मितदेव, संघकाचे पुत्र आणि राजवैद्य मगिल व त्याची मुले यांच्या दानांचे उल्लेख आहेत. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी व राजाचा वैद्य यांनी पैठणपासून इतक्या दूरच्या दरीत दान द्यावे, यावरून सातमाळ्याचे घाट उतरून खानदेशमार्गे उत्तरेकडे व भडोचकडे जाणाऱ्या मार्गाचे महत्त्व स्पष्ट होते. फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथात, तसेच त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटिअरात या स्थळांची पद्धतशीर वर्णने आढळतात. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील भामेर येथील खोदीव दालनांची नोंदही याच काळात झाली. धुळे येथे १९२७ मध्ये स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळामुळे खानदेशच्या इतिहाससाधनांचा संग्रह व अभ्यास यांस स्थानिक अधिष्ठान लाभले.

विसाव्या शतकातील कार्य : अजिंठा व पितळखोरे हैदराबाद संस्थानच्या, तर पाटणे मुंबई इलाख्याच्या हद्दीत होते. एकाच डोंगराची माहिती त्यामुळे दोन राज्यांच्या दप्तरांत विभागली गेली. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानने पुरातत्त्व खाते स्थापन केले. त्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी लेण्यांची साफसफाई, वाटा व देखरेख यांची व्यवस्था केली. १९२०–२२ मध्ये इटालियन तज्ञ चेक्कोनी व ओर्सिनी यांना बोलावून सुटू लागलेले रंगलेप पक्के करण्यात आले. त्यांनी व पूर्वीच्या प्रतिकृतिकारांनी वापरलेले रोगण पुढे पिवळे पडून चित्रे झाकोळली. याझदानी यांचा चार भागांतील ग्रंथ १९३०–५५ या काळात प्रसिद्ध झाला. १९५६ मध्ये सोळाव्या लेण्याकडे जाणाऱ्या वाटेवरील दरड दूर करताना तिच्याखाली एक लहान प्राचीन विहार सापडला. सव्वाशेहून अधिक वर्षे अभ्यासक ज्या वाटेने जात होते, तिच्या खालीच तो दडला होता.

पितळखोऱ्यास दरीने लेणी जशी झाकली, तशीच मोडलीही. तेथील खडकात कमकुवत थर असल्याने विहारांचे दर्शनी भाग ढासळून दरीत कोसळले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मधुसूदन नरहर देशपांडे यांनी विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात हा ढिगारा उपसला. त्यातून चौथ्या लेण्याचे द्वार, द्वारपाल, हत्तींच्या रांगेचे जोते, गजलक्ष्मी आणि यक्षाची मूर्ती प्रकाशात आली. यक्षमूर्तीच्या हातावरील लेखात ती कृष्णदास नावाच्या सुवर्णकाराने घडविल्याचे नमूद आहे. प्राचीन भारतीय शिल्पांवर शिल्पकाराचे नाव क्वचितच आढळते. जिन्याच्या बाजूस पाच फणांचा नाग कोरलेला असून मागून येणारे पाणी फणांतून बाहेर पडावे, अशी नळीची योजना केलेली आहे. दरीतील पाण्याचा लेण्यांच्या रचनेत केलेला हा उपयोग उल्लेखनीय आहे. देशपांडे यांचा अहवाल १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. यक्षमूर्ती आता नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

१९७२-७३ च्या सुमारास एस. ए. साळी यांनी पाटणे येथे केलेल्या उत्खननाने या परिसराचा इतिहास लेण्यांच्या फार मागे नेला. उत्तर पुराणाश्मयुगीन थरात त्यांना जाळीदार रेषा कोरलेला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा मिळाला. त्याचा काळ सु. २५,००० वर्षांपूर्वीचा मानतात. भारतातील कलानिर्मितीच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. बोर्निओच्या नियाह गुहेत १९५८ मध्ये सापडलेल्या मानवी कवटीने जसा त्या बेटाच्या प्राचीनतेचा विचार बदलला, तसाच पाटण्याच्या या लहानशा तुकड्याने खानदेशाच्या प्राचीनतेविषयीचा विचार बदलला.

मूल्यमापन व सद्यःस्थिती : अजिंठ्याचा १९८३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. पितळखोरे व पाटणे यांच्या परिसरात १९८६ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्य घोषित करण्यात आले. फर्दापूर फाट्याजवळ खाजगी वाहने थांबवून अजिंठ्याच्या दरीतील धूर कमी करण्याची व्यवस्था आहे. तरीही पाझरणारे पाणी, ढासळणारा खडक, वटवाघळे आणि अभ्यागतांच्या श्वासातील बाष्प यांपासून लेण्यांना असलेला धोका संपलेला नाही.

या इतिहासावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की शोधाचे श्रेय केवळ प्रथम नाव नोंदविणाऱ्यास देणे अपुरे आहे. वाट दाखविणारे स्थानिक लोक, लेखांचा अर्थ लावणारे पंडित, भिंतीसमोर मोसमामागून मोसम उभे राहिलेले विद्यार्थी व ढिगारा उपसणारे मजूर या सर्वांचा त्यात वाटा आहे. दुसरा असा, की सु. तेरा शतके दरीच्या दुर्गमतेने चित्रांचे जे रक्षण केले, ते दरी सुगम झाल्यावर माणसाला जाणीवपूर्वक करावे लागते. १८१९ नंतरच्या पहिल्या काही दशकांत अजिंठ्याच्या चित्रांची माणसाच्या हातून जी हानी झाली, तीतील बरीच हानी अभ्यास व संग्रह यांच्या नावाने झाली. पितळखोरे व पाटणे येथे अद्याप पर्यटकांची वर्दळ तुलनेने मर्यादित आहे. तेथील वाटा सुधारताना अजिंठ्याचा हा अनुभव विचारात घेणे अगत्याचे ठरते.